'०५००' लिहिलं की ३२० किलो: सी मधल्या कमांड-लाइन पार्सरच्या युनिट टेस्ट

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या मेल्टिंग रजिस्टरमध्ये हीटच्या, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूच्या, वजनासाठी चार चौकोन छापलेले आहेत. पाचशे किलोची हीट असली की तिथे ०५०० लिहितात. रजिस्टर बघून संगणकावर आकडे टाकणारा माणूस तेच टाइप करतो, ०५००. आमचा प्रोग्रॅम त्याला ३२० किलो समजत होता आणि बिनदिक्कत हिशेब करून देत होता.

कारण एका ओळीत सांगता येतं. वजन वाचायला स्ट्रटोल हे मजकुराचा आकडा करणारं सी चं फंक्शन वापरलं होतं आणि त्याच्या तिसऱ्या जागी शून्य दिलं होतं. शून्य म्हणजे 'पाया तूच ठरव'. मग आकडा शून्याने सुरू झाला की स्ट्रटोल तो अष्टमान पद्धतीचा धरतं. ५ गुणिले ६४, झाले ३२०. शून्याच्या जागी १० लिहिलं की हा दोष गेला. पण पार्सरला, म्हणजे टाइप केलेल्या शब्दांचा अर्थ लावणाऱ्या भागाला, एकही टेस्ट नव्हती, त्यामुळे असे आणखी किती दोष आत बसलेत हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पुढचं सगळं त्या टेस्ट लिहिण्याचं आहे.

प्रोग्रॅमचं काम छोटं आहे. बीडाच्या हीटचं वजन, सध्याचा कार्बन, हवा असलेला कार्बन आणि सिलिकॉन एवढं सांगायचं. कार्बन वाढवायला किती कार्ब्युरायझर आणि सिलिकॉन वाढवायला किती फेरोसिलिकॉन टाकायचं ते तो सांगतो. ५०० किलोच्या हीटमध्ये कार्बन ३.२ वरून ३.४ टक्क्यांवर न्यायचा तर निव्वळ १ किलो कार्बन लागतो. कार्ब्युरायझरमध्ये ९८ टक्के कार्बन आणि त्यातला ८५ टक्के धातूत उतरतो असं धरलं की १.२ किलो टाकायचं. वजन ३२० धरलं तर उत्तर येतं ७७० ग्रॅम. तेवढंच टाकलं की कार्बन ३.३३ च्या आसपास थांबतो. उत्तर दिसायला अगदी शहाण्यासारखं असतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. प्रोग्रॅम ओरडून थांबला असता तर परवडलं असतं. टेस्ट लिहिताना आमचा सगळा जोर यावरच राहिला: पार्सर कशाला 'नाही' म्हणतो यापेक्षा कशाला गपचूप 'हो' म्हणतो ते शोधायचं.

एक खुलासा आत्ताच. ऑप्शनची आणि फंक्शनची नावं इथे देवनागरीत उतरवली आहेत, प्रोग्रॅममध्ये ती रोमनच आहेत. आकड्यांचंही तसंच. जिथे खरोखर देवनागरी आकडा टाइप झालाय असं म्हणायचं आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

आधी मेन रिकामं केलं

मूळ कोडमध्ये सगळं मेनमध्येच होतं. चूक सापडली की स्क्रीनवर मजकूर छापायचा आणि एक्झिट मारायचं. अशा कोडला टेस्ट लावता येत नाही. टेस्टमधून तो बोलावला की पहिल्याच चुकीला एक्झिट अख्खा टेस्ट प्रोग्रॅम बंद करतं आणि पुढच्या टेस्ट चाललेल्याच नसतात. शिवाय टेस्ट प्रोग्रॅमचं स्वतःचं मेन असतं, त्यामुळे मेन दोन ठिकाणी आहे म्हणून लिंकर आधीच अडून बसतो. कंपाइल करताना मॅक्रोने जुन्या मेनचं नाव बदलायची युक्ती काही जण वापरतात. लिंकर गप्प बसतो, पण एक्झिटचं दुखणं तसंच राहतं.

आम्ही तीन फाइली केल्या: पार्सर, हिशेब आणि मेन. मेनमध्ये आता पार्सरला बोलावणं, कोड बघून मजकूर छापणं आणि हिशेबाकडे पाठवणं, एवढंच उरलं आहे. पार्सरचं फंक्शन शब्दांची संख्या, शब्दांचा अॅरे आणि निकाल भरायच्या स्ट्रक्चरचा पॉइंटर घेतं आणि एक कोड परत देतं. ते स्वतः काही छापत नाही, कुठेही एक्झिट करत नाही.

कोड वेगवेगळे ठेवायचे की चुकीसाठी सरसकट उणे एक द्यायचा, यावर सुरुवातीला आम्ही आळस केला आणि तो लगेच अंगाशी आला. '--वजन अबक' नाकारलं जातं का, अशी टेस्ट लिहिली. ती पास झाली. प्रत्यक्षात पार्सर 'अबक'ला शून्य समजून पुढे गेला होता आणि कार्बन दिलाच नाही म्हणून शेवटी अडला होता. टेस्ट हिरवी, कारण भलतंच. म्हणून मग अनोळखी ऑप्शन, किंमत राहिली, आकडा नव्हे, हद्दीबाहेर, दोनदा दिलं, जादा शब्द, आवश्यक ऑप्शन राहिला, असे सुटे कोड केले आणि कितव्या शब्दाशी गाडी अडली तो क्रमांकही स्ट्रक्चरमध्ये ठेवला. प्रत्येक नकाराच्या टेस्टमध्ये बाकीचे ऑप्शन बिनचूक द्यायचे आणि एकच गोष्ट बिघडवायची, हा नियम तेव्हापासून मोडलेला नाही.

हत्यारं

सी साठी चेक, सीमोका, क्रायटेरियन अशी बरीच फ्रेमवर्क आहेत. आम्ही युनिटी घेतली. गेम बनवायची युनिटी वेगळी. ही थ्रो-द-स्विचची, एक सी फाइल आणि दोन हेडर. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाकली की झालं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. चेक प्रत्येक टेस्ट फोर्क करून वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतं, त्यामुळे एक टेस्ट कोसळली तरी बाकीच्या वाचतात. फायदा मोठा आहे, पण शॉप फ्लोअरवर विंडोज आहे आणि तिथे फोर्क नाही.

युनिटीत डबलची, म्हणजे दशांश आकड्यांची, तुलना मुळात बंद असते. युनिटी-इन्क्लूड-डबल हा मॅक्रो कंपाइल करताना द्यावा लागतो, नाहीतर '३.४ आलं का' विचारणारी ओळ डबल प्रिसिजन बंद असल्याचं सांगून फेल होते. मॅक्रो युनिटीची सी फाइल कंपाइल करतानाही द्यायचा, फक्त टेस्टच्या फाइलला देऊन भागत नाही.

सेटअप प्रत्येक टेस्टच्या आधी आणि टेअरडाउन नंतर चालतं. सेटअपमध्ये आम्ही निकालाचं स्ट्रक्चर शून्याने न भरता मेमसेटने प्रत्येक बाइटमध्ये १६५ टाकून कचऱ्याने भरतो. शून्याने भरलं तर पार्सर एखादं घर भरायला विसरला हे कळत नाही, कारण शून्य ही पुष्कळदा 'बरोबर' दिसणारी किंमत असते. यातूनच एक सवय दुरुस्त झाली. चूक झाली तर निकालाला हात लावायचा नाही. पार्सर आता स्थानिक कॉपी भरतो आणि सगळं ठीक असेल तरच शेवटी ती बाहेर देतो. नकाराच्या प्रत्येक टेस्टमध्ये कचरा जसाच्या तसा आहे ना, तेही तपासलं जातं.

खोटा आर्गव्ही

टेस्टमध्ये आर्गव्ही, म्हणजे प्रोग्रॅमला मिळणाऱ्या शब्दांचा अॅरे, आपल्याच हाताने बनवावा लागतो आणि खरा कसा असतो हे माहीत नसेल तर इथेच फसगत होते. खऱ्या आर्गव्हीत शेवटच्या शब्दानंतर एक नल पॉइंटर असतो. सी चं मानकच तसं सांगतं. टेस्टच्या अॅरेमध्ये तो विसरला आणि पार्सर नल येईपर्यंत चालणारा असला तर तो पलीकडच्या मेमरीत फिरायला जातो.

दुसरी गोष्ट, खऱ्या आर्गव्हीतल्या अक्षरांवर लिहिता येतं. टेस्टमध्ये आपण अवतरणात थेट मजकूर लिहितो, तो लिनक्सवर फक्त-वाचायच्या मेमरीत बसतो. आमच्या एका फंक्शनने शब्दातल्या शब्दात बदल केला आणि टेस्ट सेगमेंटेशन फॉल्ट देऊन पडली. खरा प्रोग्रॅम व्यवस्थित चालत होता. अशा वेळी टेस्टवरच संशय घ्यावा लागतो.

यावर एक मदतनीस फंक्शन लिहिलं. ते प्रत्येक शब्दासाठी मॅलॉकने नेमकी लागेल तेवढीच जागा घेतं, शेवटचा शून्य बाइट धरून, एकही बाइट जास्त नाही, आणि अॅरेच्या शेवटी नल ठेवतं. नेमकी जागा घेण्याला कारण आहे. मेमरीतल्या चुका पकडणारा अॅड्रेस सॅनिटायझर चालू ठेवून टेस्ट चालवली की एका बाइटची घुसखोरीही लगेच पकडली जाते. १२८ बाइटच्या ऐसपैस बफरमध्ये शब्द ठेवला तर पार्सर शब्दाच्या पुढे वाचत गेला तरी सॅनिटायझरला पत्ता लागत नाही. घेतलेली जागा टेअरडाउनमध्ये सोडायची, टेस्टच्या शेवटच्या ओळीत नाही. युनिटीत तपासणी फेल झाली की लाँगजंपने टेस्टच्या मधूनच बाहेर उडी पडते आणि शेवटची ओळ चालतच नाही. टेअरडाउन मात्र चालतं.

आर्गसी, म्हणजे शब्दांची संख्या, शून्य असण्याचीही एक टेस्ट ठेवली आहे. हे फक्त पुस्तकातलं नाही. जानेवारी २०२२ मध्ये लिनक्सवर दुसऱ्याच्या अधिकाराने कमांड चालवणाऱ्या पोलकिटच्या पीकेएक्झेकमधली जी मोठी सुरक्षा-त्रुटी उघड झाली, तिचं मूळ हेच होतं: प्रोग्रॅमला एकही शब्द न देता, स्वतःच्या नावाशिवाय, चालवता येत होतं. लिनक्स कर्नलने ५.१८ पासून ती वाट बंद केली. आमचा प्रोग्रॅम काही रूटच्या अधिकाराने चालत नाही, पण 'वापर असा करा' या मजकुरात आर्गव्हीचा पहिला शब्द छापला जात होता. तो नल असेल तर काय होईल याची खात्री मानक देत नाही.

गेटऑप्ट-लाँगची आठवण

ऑप्शन ओळखायला गेटऑप्ट-लाँग हे लायब्ररीतलं तयार फंक्शन वापरलं आहे. ते आपण कुठवर आलो हे ऑप्टइंड नावाच्या जागतिक व्हेरिएबलमध्ये लक्षात ठेवतं. पहिली टेस्ट पास झाली, दुसरी 'आवश्यक ऑप्शन राहिला' म्हणून फेल. दुसरी एकटी चालवली तर पास! ऑप्टइंड आधीच्या अॅरेच्या टोकाशी उभा होता, त्यामुळे गेटऑप्टला वाटलं सगळं वाचून झालंय.

सेटअपमध्ये ऑप्टइंड परत जागेवर आणला की टेस्ट हिरव्या झाल्या असत्या. पण हा टेस्टचा दोष नव्हता. आमच्या प्रोग्रॅमला प्रॉम्प्टवर एकामागून एक ओळी देता येतात आणि प्रत्येक ओळीला तोच पार्सर बोलावला जातो. म्हणजे दुसऱ्या ओळीला हाच घोळ गिऱ्हाइकाकडेही होणार होता. म्हणून दुरुस्ती पार्सरच्या पहिल्या ओळीत केली: ऑप्टइंड शून्य. एक केलं तरी बरेचदा चालतं, पण लिनक्सवरच्या ग्लिबसी या सी लायब्ररीमध्ये पूर्ण नव्याने सुरुवात शून्यानेच होते, आणि विंडोजसाठीच्या मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४ मधलं गेटऑप्टही शून्याला तसाच मान देतं. ऑप्टएरही शून्य ठेवायचा, नाहीतर गेटऑप्ट स्वतःचा इंग्रजी मजकूर छापून मोकळं होतं. ऑप्शनच्या यादीची सुरुवात विसर्ग-चिन्हाने, म्हणजे कोलनने केली की किंमत राहिल्याचा कोड अनोळखी ऑप्शनपेक्षा वेगळा मिळतो.

गेटऑप्ट-लाँग पॉइंटरची अदलाबदलही करतं. ऑप्शन नसलेले शब्द ते अॅरेच्या शेवटी सरकवतं. त्यामुळे एकच अॅरे दोन टेस्टना वापरला तर दुसऱ्या टेस्टला क्रम बदललेला मिळतो, आणि चुकलेल्या शब्दाचा क्रमांकही सरकतो. क्रमांक बिनचूक हवा असेल तर यादीच्या सगळ्यात पुढे अधिकचं चिन्ह द्यायचं, कोलनच्याही आधी. मग ते सरकवत नाही, पहिल्या परक्या शब्दाशी थांबतं.

या थांबण्याकडे फार लक्ष द्यावं लागलं. '--वजन १ २००' असं कुणी हजाराची जागा सोडून लिहिलं तर वजन १ आणि '२००' हा सुटा शब्द उरतो. जुन्या कोडमध्ये उरलेल्या शब्दांकडे कुणी बघतच नव्हतं. आता गेटऑप्टचं काम संपल्यावर ऑप्टइंड आर्गसीपेक्षा कमी असेल तर जादा शब्द म्हणून नकार. '--वजन --कार्बन ३.४' ही दुसरी गंमत: किंमत हवी असलेल्या ऑप्शनला गेटऑप्ट पुढचा शब्द डोळे झाकून देतं, मग तो डॅशने का सुरू होईना. वजनाची किंमत झाली '--कार्बन'. आकड्याची तपासणी कडक असली तरच हे पकडलं जातं.

लांब ऑप्शनचं नाव अर्धवट लिहिलं तरी चालतं, जोवर दुसरं कुणी त्या अक्षरांनी सुरू होत नाही तोवर. लोक '--का' लिहून कार्बन देत होते. पुढे '--कास्टिंग' हा ऑप्शन आला आणि '--का' संदिग्ध म्हणून नाकारलं जाऊ लागलं. निदान ओरडून नाकारलं गेलं, त्यामुळे त्याची एक टेस्ट लिहून पुढे गेलो. एकच ऑप्शन दोनदा आला तर शेवटचा धरायची पद्धत सगळीकडे आहे. आम्ही नकार ठेवला, कारण दोन वजनं देणाऱ्याला कोणतं म्हणायचं होतं हे आपण ठरवू नये.

आकडे

खरी मेहनत इथे गेली. आकडा वाचणारं फंक्शन वेगळं काढलं आणि त्याला तक्त्याची टेस्ट लावली: एका रांगेत मजकूर, अपेक्षित कोड, अपेक्षित किंमत, लूपमध्ये एकेक रांग चालवायची. तक्त्याला एक खोड असते. कोणतीही रांग फेल झाली तरी युनिटी ओळ क्रमांक लूपमधल्या तपासणीचाच दाखवते. म्हणून संदेश घेणारा मॅक्रो वापरायचा आणि संदेशात त्या रांगेचा मजकूर द्यायचा. पहिल्या फेलनंतर पुढच्या रांगा चालत नाहीत, हेही डोक्यात ठेवायचं. पहिल्याच रांगेला तो संदेश आला, 'एक्स्पेक्टेड ५०० वॉज ३२०'. ती रांग अर्थातच ०५०० ची.

रिकामा शब्द ही दुसरी रांग. बॅच फाइलमधलं व्हेरिएबल भरायचं राहिलं आणि ते अवतरणात असेल तर पार्सरकडे शून्य लांबीचा शब्द येतो. एंडपॉइंटर, म्हणजे वाचन कुठे थांबलं ते दाखवणारा पॉइंटर, शब्दाच्या शेवटाशी पोचला का, एवढंच बघणारा कोड इथे फसतो, कारण रिकाम्या शब्दाची सुरुवात हाच त्याचा शेवट. स्ट्रटोल शून्य देतं आणि सगळं ठीक दिसतं. म्हणून दोन तपासण्या: एंडपॉइंटर सुरुवातीपासून हलला का, आणि तो शेवटच्या शून्य बाइटवर आहे का. दुसरी तपासणी '१,२००' आणि '५००किलो' दोन्ही अडवते. ती नसेल तर स्वल्पविरामाशी थांबून वजन होतं १.

'३,४' चा प्रकार याहून वाईट होता. बोट चुकून टिंबाऐवजी स्वल्पविरामावर पडलं की हवा असलेला कार्बन ३ झाला. सध्याचा ३.२ आहे, म्हणजे आधीच जास्त. प्रोग्रॅम सांगणार, 'कार्ब्युरायझर नको'. वजन वेडंवाकडं आलं तर निदान कुणी भुवई उंचावेल. 'नको' या उत्तराकडे कोण बघणार?

स्ट्रटोल आणि दशांश आकडे वाचणारं स्ट्रटोडी आधीची मोकळी जागा खपवून घेतात, नंतरची नाही. ' ५००' चालतं, '५०० ' नाही. आम्ही दोन्ही नाकारतो. साध्या आकड्याशिवाय स्ट्रटोडी आणखी काय काय घेतं ते बघून धक्काच बसतो: १ई३ म्हणजे १०००, सोळा-आधारी आकडे, इन्फ (अनंत) आणि नॅन (आकडाच नसलेली किंमत). नॅनची रांग आमच्या हद्दतपासणीतून आरपार गेली. तपासणी अशी होती: किंमत कमाल मर्यादेपेक्षा जास्त किंवा किमान मर्यादेपेक्षा कमी असेल तर नकार. नॅनशी केलेली जास्त-कमीची कोणतीही तुलना खोटी ठरते, म्हणून दोन्ही अटी खोट्या, म्हणून मंजूर! अट उलटी लिहिली, 'किमान ते कमाल यांच्या आत नसेल तर नकार', की नॅन आपोआप बाहेर. फास्ट-मॅथ लावून कंपाइल करणाऱ्यांनी यावरही भिस्त ठेवू नये. त्या झेंड्याखाली कंपाइलर नॅन कधी येणारच नाही असं धरून चालतो. शेवटी आम्ही स्ट्रटोडीकडे जाण्याआधीच अक्षरं तपासतो: आकडे, एक टिंब आणि जिथे परवानगी आहे तिथे पुढे एक उणे, बाकी काही नाही.

फार मोठ्या आकड्यांचे दोन दोष निघाले. एरनो, म्हणजे झालेली चूक नोंदवणारं व्हेरिएबल, आधी शून्य करावा लागतो, स्ट्रटोल तो स्वतः कधीच पुसत नाही. मोठ्या आकड्याच्या रांगेने एरनोमध्ये हद्द ओलांडल्याचा कोड ठेवला आणि पुढच्या रांगेतलं साधं ५०० नाकारलं गेलं. रांगांची अदलाबदल केली की दोष गायब. दुसरा दोष लिनक्सवरच दिसतो. लाँग आणि इंट हे पूर्णांकाचे दोन प्रकार, तिथे ६४ बिट यंत्रावर लाँग ८ बाइटचा, इंट ४ बाइटचा. ४२९४९६७७९६ हा आकडा लाँगमध्ये मजेत बसतो आणि इंटमध्ये टाकला की उरतात बरोबर ५००. विंडोजवर लाँगही ४ बाइटचाच, तिथे स्ट्रटोल आपणहून नकार देतं. एकच टेस्ट, दोन यंत्रांवर दोन निकाल. हद्द तपासायची ती लाँगमध्ये असतानाच, इंटमध्ये टाकल्यावर नाही. हे टाळायला कुणी बिनचिन्हाचे आकडे वाचणारं स्ट्रटोउल वापरायला सांगेल, पण ते '-१' सुद्धा आनंदाने घेतं आणि बिनचिन्हाची सर्वांत मोठी किंमत देतं, तीही एरनोला हात न लावता.

वजनाची हद्द ५० ते २००० किलो आहे. ४९, ५०, २०००, २००१ या चारच रांगा पुरतात. मधले आकडे कितीही घातले तरी काही नवं कळत नाही.

देवनागरी आकडे

मराठी कीबोर्ड चालू राहिला किंवा मोबाइलवरून मजकूर उचलला की वजन देवनागरी आकड्यांत येतं. स्ट्रटोलला ते आकडे वाटतच नाहीत. जुन्या कोडमध्ये वजन शून्य होत होतं, नव्यात नकार मिळू लागला. त्यावर भट्टीवरून आलेला शेरा असा: "आकडाच टाकलाय की वो, मराठीत हाय म्हणून काय झालं?" म्हणणं रास्त आहे. देवनागरी आकडे घ्यायचे ठरवलं.

यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी आकडा तीन बाइटचा असतो. पहिला २२४, दुसरा १६५, तिसरा शून्यासाठी १६६ पासून नऊसाठी १७५ पर्यंत. तिसऱ्यातून १६६ वजा केले की आकडा मिळाला. सीमेवरच्या टेस्ट इथे आयत्या मिळतात: तिसरा बाइट १६५ असेल तर तो श्लोकाच्या शेवटचा दुहेरी दंड, १७६ असेल तर संक्षेपाचं चिन्ह '॰', जे गोल असल्यामुळे नजरेला शून्यासारखं वाटतं. दोन्ही नाकारलेच पाहिजेत. पहिल्या प्रयत्नात आमची वरची सीमा एका घराने पुढे होती आणि '५॰' चं वजन ६० झालं होतं.

अर्धवट आकड्याचीही टेस्ट हवी: २२४, १६५ आणि लगेच शेवटचा शून्य बाइट. तीन बाइट एकदम वाचून पुढे उडी मारणारा कोड शेवट ओलांडून जातो. वर सांगितलेली नेमक्या जागेची मॅलॉक आणि सॅनिटायझर ही जोडी इथे कामी आली.

आणखी एक जुनी खोच. अक्षर आकडा आहे का ते सांगणाऱ्या इझडिजिटला 'चार' या डेटा-प्रकाराचं अक्षर थेट देऊ नये. आपल्या नेहमीच्या यंत्रांवर हा 'चार' चिन्हासकट असतो, त्यामुळे २२४ चा होतो उणे ३२, आणि उणे किंमत दिल्यावर काय होईल याची हमी नाही. ग्लिबसीचा तक्ता उणे १२८ पासून सुरू होतो म्हणून लिनक्सवर काही बिघडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या डीबग लायब्ररीत तोच कोड असर्शन देऊन थांबतो. आधी अनसाइन्ड चारमध्ये कास्ट करायचं, मग विचारायचं.

एवढं सगळं हिरवं झालं आणि प्रोग्रॅम शॉप फ्लोअरच्या विंडोजवर नेला तर देवनागरी '५००' टाकल्यावर नकार, आणि छापलेल्या मजकुरात '???'. तिथे साध्या मेनला शब्द यंत्राच्या जुन्या कोडपेजमधून बदलून मिळतात. त्या पानावर देवनागरी नाही, म्हणून प्रश्नचिन्हं. युनिट टेस्ट पार्सरला थेट बोलावते, मेनच्या आधी काय होतं ते तिला दिसणारच नाही. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये यूटीएफ-८ कोडपेज मागता येतं, ते केलं. आणि खरा प्रोग्रॅम देवनागरी आकड्याने चालवून उत्तर तपासणारी एक छोटी बॅच फाइल टेस्टच्या शेवटी जोडली.

प्रॉम्प्टवरच्या आणि फाइलमधल्या ओळींचं थोडक्यात. ओळ वाचणाऱ्या एफगेट्सच्या बफरपेक्षा ओळ लांब असली तर उरलेला तुकडा पुढची ओळ म्हणून येतो, म्हणजे अर्ध्या कमांडचं शेपूट स्वतंत्र कमांड होतं. ओळीच्या शेवटी नवी-ओळ खूण नसेल आणि फाइलही संपलेली नसेल तर लांब ओळ म्हणून नकार द्यायचा आणि बाकीचं वाचून फेकायचं. टेस्टसाठी टीएमपीफाइल पुरते. विंडोजवर बनवलेली फाइल लिनक्सवर वाचली की शेवटच्या किमतीला कॅरेज रिटर्न चिकटून येतो. आकडा नाकारला जातो आणि छापलेला मजकूर स्वतःवरच ओव्हरराइट झाल्यासारखा दिसतो. जुन्या नोटपॅडने फाइलच्या डोक्यावर ठेवलेले २३९, १८७, १९१ हे तीन बाइटही पहिल्याच ओळीत आडवे येतात.

कोणत्या ओळी चालल्या ते मोजणाऱ्या जीकोव्हने पार्सरच्या सगळ्या ओळी चालल्याचं दाखवलं. त्यावर फार विसंबलो नाही, कारण नॅन आरपार जात होता तेव्हाही हद्दतपासणीची ओळ चाललेलीच होती. त्याऐवजी मुद्दाम मोडतोड केली: 'पेक्षा कमी'चं 'पेक्षा कमी किंवा समान' कर, एरनो पुसायची ओळ काढ, १६६ चं १६५ कर, आणि दर वेळी निदान एक टेस्ट लाल होते का ते बघ. एरनोची ओळ काढल्यावर काहीच लाल झालं नाही. तक्त्यात मोठ्या आकड्याची रांग कुणीतरी शेवटी नेऊन ठेवली होती, तिच्यामागे नाकारलं जायला साधा आकडाच नव्हता. आता त्या जोडीची वेगळी टेस्ट आहे.

शेवटचा कोड सगळ्यात उशिरा आला. कमांड व्हॉट्सअॅपवरून पाठवली जाते आणि तिथून उचलून चिकटवली जाते. आयफोनवर दोन डॅश सलग लिहिले की त्यांचा एक लांब डॅश होतो, वर्डही असंच करतं. दिसायला फरक कळत नाही, पण बाइट पडतात २२६, १२८, १४८. गेटऑप्टच्या दृष्टीने हा ऑप्शनच नाही, सुटा शब्द आहे. नकार मिळत होता, पण 'जादा शब्द' वाचून समोरचा माणूस बुचकळ्यात पडायचा. त्याच्या नजरेला तर ऑप्शन अगदी बरोबर लिहिलेला. आता जादा शब्दाचे पहिले दोन बाइट २२६ आणि १२८ असून तिसरा १४७ किंवा १४८ असेल तर वेगळा कोड येतो आणि मेन छापतं: 'हा डॅश फोनवरचा आहे, पुसून कीबोर्डवरून दोनदा डॅश दाबा.' टेस्टमध्ये ते बाइट आकड्यांनीच लिहिले आहेत. अवतरणात तो डॅश तसाच ठेवला असता तर कुणा व्यवस्थित माणसाने टायपो समजून दुरुस्त केला असता.